तपासलेले डोळे

रहेमतुल्ला दर्जी सुईत दोरा एका झटक्यात ओवत असे, आणि डोळे चांगले असल्याचा याहून मोठा दाखला धामणगाव बढ्यात कोणी मागत नव्हतं. वय त्रेसष्ट, चष्मा नाही. पायजमे, बंड्या, म्हाताऱ्यांचे नेहरू शर्ट ही त्याची कामं. काजं तो अजून हातानंच करायचा.

त्याच्या बायकोला, हुस्नबानोला, मात्र वर्षभर शंका येत होती. तो चौकटीला खांदा आपटायचा. जेवताना बाजूला ठेवलेला पाण्याचा गिलास त्याच्या कोपरानं लवंडायचा. कात्री मांडीजवळ पडलेली असायची आणि तो सगळं दुकान धुंडाळायचा.

"पुढं पाहून चालत जा न," ती म्हणायची.

"पुढंच तं पाह्यतो," तो म्हणायचा. ते खरंच होतं.

मोताळ्याच्या सरकारी दवाखान्यात बुधवारी डोळे तपासत. तिथं जायचंच, असं हुस्नबानोनं ठरवून टाकलं. आठ दिवस मागे लागल्यावर तो कबूल झाला. हे तीन वर्षांपूर्वीच्या एप्रिलमधलं. त्याच आठवड्यात, सोमवारी, स्टँडजवळच्या सेवा केंद्रात पाच लाखांच्या सरकारी आरोग्य विम्याची कार्डं काढून मिळू लागली आणि सकाळपासून तिथं रांग लागली.

केंद्र चालवणारी योगिनी लग्न होऊन गावात आलेली, तिशीतली. तिनं रहेमतुल्लाचा अंगठा मशीनवर टेकवला. लाल. तर्जनी. लाल. दहाही बोटं झाली. चाळीस वर्षं सुई टोचून आणि इस्त्रीचा चटका खाऊन त्या बोटांवर रेषा म्हणून काही उरलं नव्हतं.

"चाचा, बोटं कुठं ठेवून आले?" योगिनी म्हणाली. रांग हसली.

"लोकायच्या कपड्यात," रहेमतुल्ला म्हणाला.

मग तिनं खणातून एक काळं यंत्र काढलं, दुर्बिणीसारखं. त्याच्या डोळ्यांना लावलं. "डोळे मोठे करा. हलू नका. पापणी लवू देऊ नका." यंत्राच्या आत तांबडा उजेड पेटला. हुस्नबानो शेजारी उभी राहून पाहत होती. स्क्रीनवर त्याचे दोन्ही डोळे मोठे, राखाडी दिसले आणि त्यांच्याखाली हिरवी खूण उमटली.

"कसे हायेत डोळे?" रहेमतुल्लानं विचारलं.

मागं तीस-पस्तीस माणसं होती, पंखा बंद होता, आणि सकाळपासून हा प्रश्न विचारणारा तो बहुधा सातवा होता. पहिल्या दोघा-तिघांना योगिनीनं समजावून सांगितलं होतं.

"चांगले हायेत, चाचा. चला, पुढचे या."

बुधवारी सकाळी रहेमतुल्ला सव्वाआठच्या गाडीसाठी तयार होऊन बसला होता. धुतलेला कुर्ता, डोक्यावर टोपी, पिशवीत भाकरी. चप्पल घालायला तो उंबऱ्यात बसला, तेव्हा हुस्नबानो चुलीपासून उठून आली.

"आता कायले जाता? परवाच तं मशीनीनं पाह्यले. हिरवी खून आली. इकडं शेषरावचे दोन पायजमे पडले हायेत."

"तूच तं म्हने चला म्हनून."

"तवा तपासले नोव्हते. आता तपासले. जा दुकानात."

त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग भाकरीची पिशवी घेऊन दुकानात गेला.

पुढची दोन वर्षं चौकटी तिथंच होत्या आणि तो त्यांना आपटत राहिला. हुस्नबानो पूर्वी काळजी करायची, आता रागवायला लागली. डोळे चांगले आहेत, मग हा निव्वळ वेंधळेपणा. चारचौघांत ती म्हणायची, "म्हातारपनी लाडात येऊन राह्यले." तोही हसायचा. सुई मात्र अजून एका झटक्यात ओवायचा.

मग एका मंगळवारी, आठवडी बाजारात, कांद्यांच्या ढिगाशेजारून येणारी मोटारसायकल त्याला दिसलीच नाही. लागलं फारसं नाही. पण चालवणारा जानराव ओळखीचा होता, आणि तो हुस्नबानोला बाजूला घेऊन म्हणाला, "भाभी, मी हॉर्न वाजवत होतो. भाईनं हॉर्न ऐकून मान बी थोडी वळवली. आन तरी समोर आले."

दुसऱ्या दिवशी ती त्याला घेऊन बुलढाण्याला गेली, कार्ड चालतं अशा मोठ्या खाजगी दवाखान्यात. कार्ड तिनं प्लॅस्टिकच्या पिशवीत, तान्हं मूल कुंचीत गुंडाळतात तसं गुंडाळून आणलं होतं. योजनेच्या खिडकीवर बसलेल्या माणसानं ते पाहून परत केलं.

"हे भरती झाल्यावर चालते, चाची. ऑपरेशन असंल तं एक रुपया लागनार नाई. तपासनी कार्डात नाई."

"ऑपरेशन लागते का नाई, ते कसं कळन?"

"तपासल्यावर."

"आन तपासनी कार्डात नाई."

"नाई."

हुस्नबानोनं जरा विचार केला. "तपासनी तं झालेली हाय. हे कार्ड काढतानाच झाली. मशीन लावली होती डोळ्याले. हिरवी खून आली."

त्या माणसानं लिहिणं थांबवलं. तो वाईट नव्हता, त्याला हे पहिल्यांदा ऐकायला मिळत होतं असंही नव्हतं. "ते तपासनं नोहे, चाची. बँकेत अंगठा देता न, तसा डोळा घेतला त्यायनं. मानूस तोच हाय का, एवढंच ते मशीन पाह्यते. त्याले दिसते का नाई, याच्याशी मशीनीले घेनंदेनं नाई."

हुस्नबानोनं नवऱ्याकडे पाहिलं नाही. पदराच्या गाठीतले पैसे सोडून तिनं तपासणीची पावती घेतली.

डॉक्टरीण तरुण होती, बोलणं शहरातलं. यंत्रांकडे नेण्याआधी तिनं रहेमतुल्लाला स्टुलावर समोरासमोर बसवलं.

"माझ्या नाकाकडे बघा, बाबा. नजर हलवायची नाही. माझी बोटं हलताना दिसली की सांगा."

तिनं दोन्ही हात बाजूंना पसरले आणि बोटं हलवली. भिंतीजवळच्या बाकावरून हुस्नबानोला ती स्वच्छ दिसत होती. रहेमतुल्ला नाकाकडे पाहत गप्प बसला होता. हात आत आले. तो गप्प. आणखी आत आले. हुस्नबानोला वाटलं त्याला कळलं नसेल काय विचारलं ते. "अजी, बोटं," ती म्हणाली. डॉक्टरणीनं तिला मानेनंच थांबवलं. बोटं स्वतःच्या गालाशी आली तेव्हा रहेमतुल्ला म्हणाला, "आता."

मग थेंब, मग यंत्रं, मग काळ्या डागांचे दोन कागद. काचबिंदू होता. उजव्या डोळ्यात काही उरलं नव्हतं. डाव्यात मधोमध थोडी जागा होती, नळीतून पाहावं तेवढी. सुई त्या नळीत मावत होती. कात्री, चौकट, मोटारसायकल मावत नव्हती.

"मोतीबिंदू काढल्यावर दिसते तसं..." हुस्नबानोनं विचारलं.

"हा मोतीबिंदू नाही. यात गेलेलं परत येत नाही. डाव्याचं ऑपरेशन करू, ते कार्डात बसतं. उरलेलं टिकलं तर टिकेल."

"कवा आलो असतो तं?"

डॉक्टरीण कागद लावून ठेवत होती. खरं सांगायची तिला सवय असावी. "दोन वर्षांपूर्वी आले असते तर थेंबांवर भागलं असतं बहुतेक. डोळ्यातला दाब मोजायला दोन मिनिटं लागतात. सरकारी दवाखान्यातही मोजतात."

रहेमतुल्ला स्टुलावर बसून आपल्या बाहीचं काज चाचपत होता. तो काही बोलला नाही. परतीच्या गाडीतही नाही, घरी आल्यावरही नाही. हुस्नबानो त्या बोलण्याची वाट पाहत राहिली. एखाद्या रात्री, एखाद्या भांडणात तो म्हणेल, तूच उंबऱ्यातून मागं फिरवलं. तो म्हणाला असता तर तिला उत्तर तरी देता आलं असतं. ऑपरेशन झालं, कार्डावर झालं, एक रुपया लागला नाही. थेंब रोज संध्याकाळी ती घालायची. तो मान वर करायचा आणि म्हणायचा, "झालं?" बस, एवढंच.

डाव्या डोळ्यातली जागा पावसाळ्यात आणखी आकसली. शिलाई मशीनवर चादर पडली. सुई तो अजूनही ओवायचा. पण ओवल्यावर कापड कुठं आहे ते त्याला दिसायचं नाही, हुस्नबानोला ते त्याच्या हातात द्यावं लागायचं.

या जानेवारीत रेशन कार्डावरच्या सगळ्यांची पुन्हा ओळख पटवून घ्यायचा हुकूम आला. नाही पटली तर नाव कमी. पुन्हा तेच सेवा केंद्र, तीच रांग. हुस्नबानो त्याचा हात धरून आली. योगिनीनं त्याची पांढरी काठी पाहिली, त्याच्या नजरेकडे पाहिलं, आणि तिच्या तोंडचा विनोद तोंडातच राहिला. बोटं तिनं मागितलीच नाहीत. यंत्र काढलं. नवीन होतं, एकाच डोळ्याचं.

"कोनता देऊ?" रहेमतुल्लानं विचारलं.

"कोनता बी चालन, चाचा."

त्यानं उजवा दिला. संपूर्ण गेलेला. पापणी हलली नाही, उजेडाकडे तो ढळलाही नाही. हिरवी खूण पहिल्याच झटक्यात आली.

योगिनी खुणेकडे पाहत राहिली. "चाची," ती हळूच म्हणाली, "तवा मीच म्हनलं होतं न, चांगले हायेत म्हनून."

"तू म्हनलं. मी ऐकलं," हुस्नबानो म्हणाली. "यायले घरी मी बसवलं. तू नाई."

त्यांच्या मागं कौशल्याबाई होती. वांगी-मेथी पिकवणारी, पासष्टीची. तिचा डोळा घेऊन झाला, हिरवी खूण आली, आणि ती पदर सावरत उठली. "बरं झालं माय. फुकटात डोळे बी पाहून झाले."

"हे डोळे पाह्यनं नोहे, कौशल्याबाई," हुस्नबानो म्हणाली.

"काऊन? मशीन खोटं बोलन का?"

"यायचा आंधळा डोळा आत्ताच पास झाला."

"तुह्या नवऱ्याचे गेले म्हनून माह्ये बी खराब म्हनतं का वं? मले सुई ओवता येते अजून."

रांगेत कोणीतरी हसलं. हुस्नबानो हसली नाही. तिनं कौशल्याबाईला खांदे धरून पुन्हा त्याच खुर्चीवर बसवलं आणि तिच्या समोर उभी राहिली. "माह्या नाकाकडं पाह्य. नजर नोको हालवू. माह्यी बोटं हालली का सांग."

"काय खेळ लावला हा पोरीसारखा."

"पाह्य म्हनते न."

कौशल्याबाईनं नाकाकडे पाहिलं. हुस्नबानोनं दोन्ही हात बाजूंना पसरले आणि बोटं हलवली. रांगेतल्या सगळ्यांना ती दिसत होती. योगिनीला दिसत होती. बोटं हलत राहिली. हात थोडे आत आले, मग आणखी थोडे.

"आता हालव तं खरं," कौशल्याबाई म्हणाली. "किती वेळ झाला, नुसती उभी हाये."

हुस्नबानोचे हात तसेच हवेत राहिले. मग तिनं ते खाली घेतले. यंत्राचा तांबडा उजेड अजून चालूच होता, योगिनीनं तो बंद केला.

"बुधवारी माह्यासंगं मोताळ्याले चाल," हुस्नबानो म्हणाली. "साडेआठची गाडी असते."

"सव्वाआठची," रहेमतुल्ला म्हणाला.