डबा बंगल्याची खिडकी

मुरुम गावात समदचाचांच्या घराला सगळे ‘डबा बंगला’ म्हणत. त्यांचे आजोबा महेबूबसाहेब यांनी निजामाच्या काळात ते बांधलं. सपाट छत, ना नक्षी, ना कमान. मिजास एकच. दर्शनी कोपऱ्याला खांबच नव्हता. लोखंडी चौकटीची लांबलचक खिडकी भिंतीबरोबर वळत गेली होती. "घराला दागिने कशाला? उजेड येऊ द्या," असं आजोबा म्हणत. गाव हसायचं ते हसायचंच, आणि समदचाचांना शाळेत असल्यापासून त्या घराची लाज वाटे.

रस्ता रुंद करायला घर पाडणार असं कळलं, तेव्हा मात्र ते वाचवायला त्यांची धावपळ सुरू झाली. वारसा म्हणून नोंद झाली तरच ते वाचणार होतं. चाचांनी फोटो जोडून अर्ज केला. पाहणीला बाई येणार असल्याचं पत्र आलं आणि त्यांनी उत्साहाच्या भरात घात केला. वारसा म्हणजे कमानी, कमळं, जाळ्या! बाईंना काय हा डबा दाखवायचा? उमरग्याहून गवंडी आणून त्यांनी खिडकी उचकटली, कोपरा विटांनी बुजवला आणि त्यावर सिमेंटच्या तीन कमानी चढवल्या.

"उजेड जाईल की हो," त्यांची बायको अन्वरी म्हणाली होती. पण तिचं ऐकतो कोण!

पाहणीला आलेल्या निकिताने अर्जातला फोटो हातात धरून घराभोवती दोन चकरा मारल्या.

"चाचा, खिडकी कुठंय?"

"काढली की, बेटा. लई साधी दिसत व्हती."

ती मटकन पायरीवर बसली. "त्या काळात इतकं साधं बांधायला धाडस लागायचं, चाचा. मी ती खिडकीच बघायला आले होते." मग जरा आशेनं म्हणाली, "चौकट ठेवलीय ना? परत बसवता येईल."

चाचांची मान खाली गेली. "भंगारात दिली."

"मग नोंद होणं अवघड आहे," ती हळूच म्हणाली. चहा अर्धा टाकून ती गेली.

चाचा आत आले. जन्मभर गावाचं हसणं मनावर घेतलं, आजोबांचं एक वाक्य काही घेतलं नाही, याचं त्यांना रडू येत होतं. अन्वरी नेहमीसारखी त्याच कोपऱ्यात तांदूळ निवडत बसली होती. सकाळचे दहा वाजले होते.

"अहो, जरा लाईट लावा," ती म्हणाली. "खडे दिसंना झालेत."