वेदवतीबाईंच्या बोटातली राखणदार

मित्रांनो, मी एक जुनी पेशी आहे. मैसूरला कुवेंपुनगरात राहणाऱ्या वेदवतीबाईंच्या उजव्या तर्जनीत, सांध्याजवळ माझी वस्ती आहे. मला हे नीट सांगता येईल की नाही, शंकाच आहे.

माझा जन्म हाडाच्या मगजात झाला आणि शिक्षण छातीतल्या थायमस ग्रंथीत. रोगजंतूंशी लढणाऱ्या पेशी कधी चुकून आपल्याच शरीरावर धावून जातात. त्यांना आवरणे हे माझे काम.

माझ्या केंद्रकातून आरएनएच्या चिठ्ठ्या निघतात. काय बनवायचे, त्याचा हुकूम त्यांत असतो. 'हल्ला कर' अशाही चिठ्ठ्या त्यांत येतात. माझ्यातली काही प्रथिने अशी चिठ्ठी नेमकी धरतात आणि वाचली जाण्याआधीच तिचा नाश करवतात. म्हणून तर मी मी राहते. इतक्या काळात मी त्यांची साधी चौकशीही केली नाही.

यंदा चातुर्मासात वेदवतीबाईंनी संधिवाताची गोळी बंद केली. हळूहळू सांध्यात लढाऊ पेशींची झुंबड उडाली. त्या धुमाकुळात माझी प्रथिने तुटू लागली. माझी शेजारीणही राखणदारच होती. एके दिवशी तिने नको ती चिठ्ठी वाचली आणि सांध्यावरच तुटून पडली. मी हाका मारल्या. तिने मला ओळखले नाही.

वेदवतीबाईंना रांगोळीची चिमूट धरवेना. तेव्हा श्रीहरीला, त्यांच्या मुलाला, गोळ्यांचे न उघडलेले पाकीट सापडले.

"अम्मा, हे काय?"

"अय्यो, चातुर्मास रे! एक वस्तू सोडायची असते नव्हे?"

"आवडती सोडायची असते! गोळी कधीपासून आवडायला लागली तुला?"

"सुम्ने, उगाच थट्टा नको करू. पहिले काही आठवडे बरं होतं की."

"आणि आता? बोट बघ, केळ्यासारखं झालंय. चल डॉक्टरांकडे."

बाईंनी बोट पदराआड घेतले. मग हळूच म्हणाल्या, "देवाला काय सांगू?"

"मी सांगतो. तू चप्पल घाल."

गोळी पुन्हा सुरू झाली आहे. धुमाकूळ ओसरतो आहे. पण माझ्यात ती प्रथिने किती उरली, मला ठाऊक नाही. कालच एक चिठ्ठी अर्धी वाचली गेली, आणि तो हुकूम मला क्षणभर बरोबर वाटला.

मित्रांनो, व्रत म्हणून असो की बरे वाटते म्हणून, डॉक्टरांना न विचारता औषध सोडू नका. मला फार भीती वाटते. मी बदलले, तर बदलले आहे हे मला कळणारही नाही.