सात नंबरचं झाड

तीन आठवडे मी माझ्याच प्रोग्रामला शिव्या घातल्या. मोसंबीच्या डिंक्या रोगावर माझी पीएचडी चालू आहे. पानातलं कोणतं जनुक किती काम करतं, याची मोजणी एका संस्थेनं सगळ्यांसाठी खुली ठेवलीय. तीच डाउनलोड करून, आकड्यांवरून झाड रोगट की निरोगी हे ओळखणारा प्रोग्राम मी लिहिला. सात नंबरच्या नमुन्यापुढं लिहिलं होतं 'निरोगी', आणि आकडे मात्र सगळे रोगट झाडाचे.

सर म्हणाले, "छापून आलेला डेटा चुकत नसतो, साधना. तूच चुकतेस."

शेवटी नमुन्याचे अक्षांश-रेखांश नकाशावर टाकले. कुंभार पिंपळगाव. आमचीच बाग! वडिलांना फोन लावला.

"सात नंबर? ते विहिरीकडचं. पानं न्यायला आल्ते, तव्हाच त्याचा डिंक गळून राह्यला व्हता. मी दाखवला बी. साहेब म्हणला, काका, आमचं काम आमाला करू द्या."

मी संस्थेला कळवलं. उत्तर आलं: शेतकऱ्याचं तोंडी सांगणं ग्राह्य धरता येत नाही, पुरावा पाठवा.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वडिलांना पुन्हा फोन लावला. चौदा वर्षं झाडाला पाणी घालणाऱ्याचं सांगणं तोंडी, आणि अर्ध्या तासात पानं खुडून नेणाऱ्याचं लिहिणं शास्त्र!

"अप्पा, ते झाड तर वाळलं ना? काही उरलंय का त्याचं?"

"खोड हाय की. त्यांनी रंगवलेला सात अन् त्या रंगाखाली सुकलेला डिंक, दोन्ही दिसतेत."

"जाळलं नाही तुम्ही?"

"न्हाई. म्हणलं, नंबर टाकून गेलेत, मंग एक दिवस इचारायला येतीलच."