पंख्याची घरघर

बायकोचा आवाज आता एकाच ठिकाणी उरला होता, लेकीच्या कॉम्प्युटरवर एका फाइलमध्ये. लेक हॉस्टेलला असताना तिला निरोप म्हणून आईने तो रेकॉर्ड केला होता. ज्या मोबाइलवर केला, तो कधीच बंद पडला.

मागे पंख्याची सतत घरघर होती. लेक कॉलेजात प्रोग्रॅमिंगची सी भाषा शिकते. म्हणाली, "बाबा, मी काढून देते."

"कशी?"

"आवाज म्हणजे हजारो आकडे, एका रांगेत. त्या रांगेला अ‍ॅरे म्हणतात. मी लिहिलेल्या फंक्शनला, म्हणजे प्रोग्रॅमच्या एका तुकड्याला, अ‍ॅरे दिली की ते बारीक आवाजाचे आकडे शून्य करतं."

"आणि मूळ रेकॉर्डिंग?"

"ते कुठे जातंय? सुरुवातीची रिकामी जागा तेवढी कापून जुन्याच नावाने परत ठेवते."

प्रोग्रॅम चालला. साफ केलेली फाइल लावली, पंखा गेला होता. मग मूळ लावली. तिच्यातूनही पंखा गेला होता.

लेकीने कीबोर्डवरचे हात मांडीवर घेतले.

"काय झालं गं?"

"सुटा आकडा दिला की फंक्शनला त्याची प्रत मिळते, आपला शाबूत राहतो. मला वाटलं, अ‍ॅरेचंही तसंच. पण अ‍ॅरेची प्रत जात नाही, बाबा. पहिला आकडा कुठे ठेवलाय तो पत्ता जातो. फंक्शनने तिथे जाऊन मुळातच खाडाखोड केली, आणि तेच मी जुन्या नावाने ठेवलं."

"म्हणजे घराचा फोटो द्यायचा सोडून किल्लीच दिलीस."

"हो."

"आई म्हणायचीच, हिला डाग काढायला देऊ नका, कापड परत यायचं नाही."

ती हसली नाही. "आधी दुसऱ्या अ‍ॅरेत सगळे आकडे उतरवून घ्यायला हवे होते."

मी पुन्हा लावायला सांगितलं. बायको अगदी स्पष्ट बोलत होती. लेकीला जेवणाखाण्याबद्दल दटावून झालं आणि मध्येच तिने विचारलं, "अहो, गॅस बंद केलात का?" पुढे शांतता. मग, "बरं. या इकडे, लेकीशी बोला."

त्या शांततेत मी होतो. आतल्या खोलीतून, पंख्याहून हळू, "केला गं" म्हणालो होतो. पंख्याबरोबर मीही शून्य झालो.

लेक परत कॉलेजला गेली. फाइल माझ्या मोबाइलवर टाकून गेली. जेवण झालं की मी ती लावतो. बायको विचारते. मधली जागा थोडीशीच आहे, उशीर केला तर ती पुढे बोलून जाते. म्हणून मी लगेच म्हणतो, "केला गं."

"बरं," ती म्हणते. "या इकडे."