साबणातून निघाला बँड

कानबाईला यंदा बँड नाही, असं कुंदनकाकांनी जाहीर केलं आणि आमच्या ओट्यावर बसलेल्या सगळ्या बायकांची तोंडं पडली. एकजात. मी समोरच उभी होते, म्हणून मला स्पष्ट दिसली.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे, खानदेशात, कानबाई देवी बसते. अकरा घरांचे आम्ही भाऊबंद, वर्गणी एक, चूल एक. रोटाचे, म्हणजे देवीच्या नैवेद्याच्या पोळ्यांचे, गहू ज्याच्या त्याच्या घरचे. गूळ, डाळ, तूप, नारळ आणि दोन दिवसांचं जेवण हे सगळं वर्गणीतून. सोमवारी सकाळी डोक्यावर कानबाई घेऊन नदीवर जायचं. मागच्या वर्षी बँडऐवजी रिक्षावर स्पीकर होता. अर्ध्या रस्त्यात तो बंद पडला आणि पुढे रिक्षाचा हॉर्न ऐकत गेलो आम्ही.

"किराणाच वीस हजारांवर जातो," कुंदनकाका म्हणाले. वर्गणीचा हिशेब त्यांच्याकडे असतो आणि केळीचा पिकअपही त्यांचाच. "बँडवाला पुना मास्तर पंचवीसशे मागतो. आणायचे कुठून?"

"किराण्यातून वाचवायचे," मी म्हणाले.

हे मी म्हणाले! मी, डिंपल, दहावी ब! मागच्या वर्षीपर्यंत मी वर्गात हजेरी दिली तरी बाई दोनदा नाव घ्यायच्या. पण जानेवारीत स्नेहसंमेलनाची निवेदिका आजारी पडली, मला ढकललं गेलं आणि तेव्हा जे तोंड उघडलं ते अजून मिटलेलं नाही.

"किराण्यातून?" काका हसले. "गूळ कमी घालणार का काय, मॅडम?"

"गूळ तेवढाच. एक अ‍ॅप आहे. त्यात दुकानांची गिफ्ट कार्डं मिळतात. दोन हजारांचं कार्ड दोन हजारांना नाही, कमीला मिळतं. दुकानात मात्र ते पूर्ण दोन हजारांचं चालतं. शिवाय रिचार्ज, लाइटबिल, गॅस, जे काही भराल त्यावर पॉइंट मिळतात. पॉइंट साठले की त्यांचंही कार्ड होतं."

"आणि ते कमीला का देतील? त्यांचा जावई आहे का मी?"

"कारण मग तुम्ही त्यांच्याच दुकानात जाता, काका."

बायका हसल्या. आई हसली नाही. ती मागून म्हणाली, "भाऊजी, यंदा किराणा तिच्याकडे द्या. जमलं नाही तर मी उभी आहे." माझी आई, जी थोरल्या दिरांसमोर पदर नीट करण्यापलीकडे काही करत नाही, ती हे बोलली. आता हे जमवायलाच हवं होतं. नाहीतर अकरा घरांसमोर माझं नाही, आईचं तोंड पडलं असतं.

महिनाभर मी गल्लीत नुसती पळत होते. अ‍ॅप आईच्या फोनवर, फोन माझ्या हातात. "काकू, रिचार्ज संपलं का? आणा इकडे, पैसे रोख द्या." "काका, लाइटबिल भरलं? थांबा, थांबा, मी भरते!" काहीजण मला लांबूनच बघून दार लोटायला लागले. मोनाली, माझी चुलत बहीण, म्हणाली, "तुला बघितलं की लोकांना वायरमन आल्यासारखं वाटतं." वाटू दे! रोज रात्री मी पॉइंट बघून झोपत होते. शेवटी त्यांचं नऊशेचं कार्ड झालं, तेव्हा मी अंगणात अशी ओरडले की बाबांना वाटलं साप निघाला.

कानबाईच्या आधीच्या मंगळवारी अ‍ॅपवर जळगावच्या मोठ्या मॉलची कार्डं आठ टक्के कमीला आली. एकाच दिवसापुरती. मी अटी आणि नियम सगळे वाचले, अगदी बारीक अक्षरांतलेसुद्धा. एक कार्ड एकाच बिलाला चालेल. उरलेली रक्कम बुडेल. विकलेलं कार्ड परत घेतलं जाणार नाही. वाचलं, समजलं, आणि काकांनी दिलेल्या वर्गणीतून दोन-दोन हजारांची दहा कार्डं घेतली. सोळाशे रुपये तिथेच वाचले! नऊशे पॉइंटांचे होतेच. पंचवीसशे! झालाच की बँड! मी पुना मास्तरांना फोनसुद्धा करून टाकला.

सगळ्या अटी वाचल्या होत्या मी. भिकुअक्काची अट तेवढी वाचायची राहिली.

भिकुअक्का म्हणजे आमच्या भाऊबंदांत सगळ्यात मोठ्या. कानबाईचा चौरंग त्यांच्या घरी मांडतात आणि रोटाच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा. बुधवारी संध्याकाळी मी उड्या मारत त्यांना फोन दाखवायला गेले.

"हाई काय शे?" त्यांनी डोळे बारीक केले.

"गिफ्ट कार्ड, अक्का. यातून रोटाचा गूळ-डाळ येणार."

"गिफ्ट म्हनजे आहेर ना? कोनी दिधं?"

"कोणी दिलं नाही. म्हणजे, कंपनीनं थोडं दिलं. सूट. काही तर पॉइंटांचं, फुकटच मिळालं!"

मी हा शब्द उच्चारला आणि अक्कांनी हातातलं सूप खाली ठेवलं.

"फुकटनं?" त्या म्हणाल्या. "कानबाईना रोटले फुकटनं चालत नही, बेटा. मन्ही सासू लोकना कापूस येचाले गयी, तवय रोटना गूळ आना. आपला घामनं लागस. हाई मन्हा घरमा येवाव नही."

"पण अक्का, पैसे भरलेत! परत मिळत नाहीत ते!"

"ते तुन्हं तू देख."

बस्स. विषय संपला. आमच्याकडे अक्का "देख" म्हणाल्या की पुढे वाक्य नसतं.

मी घरी आले आणि पाण्याच्या टाकीमागे जाऊन बसले. अठरा हजार चारशे रुपये एका मॉलमध्ये अडकले होते, आणि त्या मॉलचं काहीच रोटाला चालणार नव्हतं. रविवार चार दिवसांवर. आई आली, शेजारी बसली. ओरडली नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

"भाऊजींना सांगावं लागेल," ती म्हणाली. "माझ्या पाटल्या आहेत, तेवढं..."

"पाटल्या नाही!" मी उभीच राहिले. "आई, मला पाच मिनिटं दे."

मला पाच मिनिटं मिळाली नाहीत, कारण तेवढ्यात आतून आजोबा आईला हाक मारत ओरडले, "कामिनी, अंघोळीचा साबण संपला का गं?"

साबण!

मी चपला न घालता पळत सुटले. भिकुअक्का अजून ओट्यावरच होत्या, तांदूळ निवडत.

"अक्का, फुकटचा साबण चालेल?"

"काय?"

"कानबाईला नाही हो. तुम्हाला. अंघोळीला. फुकटचा म्हणजे सूट मिळालेला साबण, चहा, तेल. घरच्या वापराला चालेल ना?"

अक्कांनी माझ्याकडे, मग माझ्या अनवाणी पायांकडे बघितलं. "साबनले काय व्हस? साबन काय देवले दाखाडतस का?"

"मग ऐका! महिन्याचा किराणा तर आमचं सोडून दहाही घरांना भरायचाच आहे. ते प्रत्येकी एक कार्ड घेतील आणि मला रोख दोन हजार देतील. स्वतःचे, घामाचे! मॉलमधून आपापल्या घरचा साबण-सोडा आणतील. आणि त्या रोख पैशांतून मी आपल्या तोताराम भाऊंच्या दुकानातून रोटाचा गूळ आणीन. कार्डाचा एक रुपया रोटात जाणार नाही!"

अक्कांनी तांदळातला एक खडा काढून बाजूला टाकला.

"तोतारामना गूळ चांगला रहास," त्या म्हणाल्या.

एवढंच! पण मी त्यांच्या पाया पडले, दोनदा पडले, आणि तशीच कुंदनकाकांकडे पळाले. काकांनी सगळं ऐकलं, डोकं खाजवलं, पुन्हा ऐकलं.

"म्हणजे बँड साबणातून निघणार?"

"हो!"

"आणि लोकांना जळगावला न्यायचं कोणी?"

मी त्यांच्या पिकअपकडे नुसती बघत राहिले.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर आम्ही निघालो. पिकअपमध्ये मागे केळीची सुकलेली पानं, त्यावर सतरंजी, त्यावर नऊ घरांच्या नऊ जणी आणि त्यांच्यासोबत आई आणि मी. दहाव्या घरच्या, नववारीतल्या भिकुअक्का पुढे काकांच्या शेजारी. आम्ही सगळा रस्ता गाणी म्हणत गेलो. मॉलच्या दारातला सुरक्षारक्षक आमची उतरणारी रांग संपेचना म्हणून मोजायला लागला.

आत गेल्यावर बायकांची गंमतच झाली. थंडगार हवा, चकचकीत फरशी, ढकलगाड्या! मी एका रिकाम्या खोक्यावर उभी राहून मोठ्यांदा सांगितलं, "लक्षात ठेवा! बिल दोन हजारांच्या वर गेलं तर वरचे पैसे द्या. पण खाली आलं तर राहिलेले बुडाले! प्रत्येकीनं दोन हजार गाठायचेच!" चार अनोळखी माणसंही थांबून ऐकत होती. एक काकू तर मला येऊन विचारून गेल्या, "बाळ, ते कार्ड कुठे मिळतं?" मी तिथेही पाच मिनिटं भाषण दिलं.

"डिंपल, ही डाळ स्वस्त आहे का गं?"

"काकू, किलोचा भाव खाली बारीक लिहिलाय तो बघा, पाकिटावरचा नको!"

"डिंपल, एकावर एक फुकट लिहिलंय, अक्काला चालेल का?"

"शँपू आहे, काकू! चालेल!"

काउंटरवरच्या मुलीनं पहिल्या कार्डाचा नंबर टाकला. फिरतंय, फिरतंय, यंत्र नुसतं फिरतंय. आई माझ्या दप्तराचा पट्टा धरून उभी. मग टुंग असा आवाज आला आणि ती मुलगी म्हणाली, "झालं. दोन हजार वजा." आम्ही अशा टाळ्या वाजवल्या की शेजारच्या काउंटरवरचा माणूस आपली चिल्लर मोजायचा विसरला.

एकेक करत सगळ्या पार झाल्या. शेवटी भिकुअक्का. चहा, तेल, तीन प्रकारचे साबण, गुडघ्याचा बाम. बिल झालं एकोणीसशे साठ.

"अक्का, चाळीस बुडतील! काहीतरी घ्या, पटकन!"

मागे रांग लागलेली. अक्का शांतपणे इकडेतिकडे बघत होत्या. काउंटरशेजारी लटकवलेल्या वस्तूंवर त्यांची नजर फिरली, बिस्किटं, पेन, चॉकलेट... आणि त्यांनी हळूच मेंदीचा कोन काढला. एक नाही, दोन. वीस-वीसचे.

"अक्का? मेंदी?" मागून एक काकू फिसकन हसल्या.

"फुकटनी शे ना," अक्का म्हणाल्या. "मंग?"

आमच्या घराला नऊशेचं कार्ड होतं. त्यातून आजोबांच्या साबणासकट घरचा किराणा आणला आणि नऊशे रुपये बाबांनी रोख काढून माझ्या हातावर ठेवले. शनिवारी दहा घरांचे रोख पैसे घेऊन मी आणि आई तोताराम भाऊंच्या दुकानात गेलो.

"मला वाटलं यंदा तुम्ही मोबाइलमधूनच गूळ काढणार," तोताराम भाऊ म्हणाले. गल्लीतलं काहीही त्यांच्यापासून लपत नाही.

"मोबाइलमधून बँड काढलाय, भाऊ. गूळ तुमचाच. चांगला द्या, अक्का चाखणार आहेत."

रविवारी रोट झाले. त्या गुळाचा वास सगळ्या गल्लीत पसरला होता. चौरंगावर कानबाई नथ घालून बसली होती आणि मला उगीचच वाटत होतं की ती माझ्याकडे बघून हसते आहे. जेवताना कुंदनकाकांनी मुद्दाम काडी टाकली, "काय भिकुअक्का, रोटाला फुकटचं चालत नाही, मग बँडला कसं चालतं?"

अक्कांनी घास गिळला. "बँड देवीले नही, आपलेच लागस. देवी तर रिक्षाना हॉर्नवरबी गयी व्हती." पंगतीत इतकं हसू फुटलं की काकांना ठसका लागला. आई वाढता वाढता त्यांना पाणी द्यायला थांबली आणि म्हणाली, "घ्या भाऊजी. पुढच्या वर्षीची वर्गणी पण तिच्याकडेच द्यायची ना?" काकांनी पाणी पिऊन मान हलवली. ती मान हो म्हणाली की ठसक्यानं हलली, ते मी विचारलं नाही. मी हो धरलंय.

आणि सोमवार! पुना मास्तर पाच जणांना घेऊन सकाळीच हजर, लाल कोट, एका बाहीला पिवळी झालर, दुसरीची गळून गेलेली. पहिली थाप पडली तशी माझ्या अंगावर काटा आला. झुंबरकाकूंच्या डोक्यावर कानबाई, पुढे बँड, मध्ये सगळ्या बायका. तोताराम भाऊ दुकानाच्या पायरीवर येऊन टाळ्या वाजवत होते. काका म्हणत होते मी नाचत नाही, मी नाचत नाही, आणि दोन्ही हात वर करून सगळ्यांत पुढे नाचत होते. मी फोन उंच धरून सगळं रेकॉर्ड करत होते. हा व्हिडिओ मला जन्मभर ठेवायचा होता.

तेवढ्यात फोनच्या समोर दोन हात आले. सुरकुतलेले, आणि मेंदीनं लालचुटूक.

"फोन दे तुन्ही मायले," भिकुअक्का म्हणाल्या. "हात दे माले."

मी फोन आईकडे टाकला. आम्ही फुगडी धरली. त्यांच्या गुडघ्यांना बाम लागलेला होता, वास येत होता. पण काय सांगू, त्या थांबेचनात!