अर्ध्या स्क्रीनवरची पनवती

चार खुर्च्यांच्या केबिनमध्ये अख्खा कारखाना कोंबला होता. शिलाई मशीनवरच्या बायका दारात, पॅकिंगवाले खिडकीबाहेर माना उंचावून, दोघे कटिंग मास्तर कपाटाला टेकून. टेबलावर माझ्या सासऱ्यांचा कॉम्प्युटर, कॉम्प्युटरवर पितळेची चकती, आणि चकतीवर साक्षात स्पंदनगुरूंचा हात.

“डोळे मिटा,” गुरू म्हणाले. “आणि मधमाशीसारखा हुंकार द्या. मोठ्यानं! मधमाशी कधी लाजते का?”

सगळ्यांनी डोळे मिटून हुंकार दिला. शिलाईची सगळी मशीनं एकदम चालली तरी एवढा आवाज होत नाही.

“उघडा!”

आणि काय सांगू महाराजा! कारखान्याचं वेबपान, जे सकाळपर्यंत मोडून पडलेल्या मांडणीसारखं दिसत होतं, ते सरळ झालं होतं. तीन सोफा कव्हरांचे तीन चौकोन एका ओळीत, आणि खाली ‘ऑर्डर द्या’ हे बटण ठसठशीत. काज-बटण करणाऱ्या मावशींच्या डोळ्यांत पाणी आलं. सासऱ्यांनी हात जोडले. मेहुण्यानं दाराबाहेर उभ्या बायकोकडे बघायचं टाळलं, हे मात्र तो चमत्काराआधीपासूनच करत होता.

मी या घरचा जावई. शाळेत विज्ञान शिकवतो. त्यामुळे इथे माझं मत मानानं ऐकलं जातं आणि तेवढ्याच मानानं बाजूला ठेवलं जातं.

आता हे प्रकरण काय ते सांगतो. आमचा कारखाना सोफ्याची कव्हरं शिवतो. लग्न होऊन आलेल्या सूनबाईनं, म्हणजे माझ्या मेहुण्याच्या बायकोनं, कारखान्यासाठी वेबपान केलं. फोनवर पान झकास दिसे, पॅकिंगच्या खोलीतही झकास दिसे. फक्त सासऱ्यांच्या केबिनमध्ये तिसरं कव्हर ओळीतून घसरून खाली पडे आणि नेमकं बटणावर जाऊन बसे. आता या घराची रीत अशी, की कुठलीही गोष्ट सासऱ्यांच्या खुर्चीतून दिसते तीच खरी. मग बाकी जगाला पान कसं दिसतं, याच्याशी कुणाला काय देणंघेणं?

सूनबाईनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, “बाबा, तुमचं ब्राउझर फार जुनं आहे. त्याच्यामुळे होतंय.”

सासरे म्हणाले, “त्यात माझा स्टॉकचा प्रोग्राम चालतो. दुसऱ्या कशात तो उघडतच नाही. इतकी वर्षं बिनतक्रार चाललेल्या वस्तूला नावं ठेवायची नाहीत.”

नाचता येईना अंगण वाकडं, असंही ते पुढे म्हणाले. म्हण चांगली होती, पण अंगण खरोखरच वाकडं होतं.

मग कुणीतरी स्पंदनगुरूंचं नाव सुचवलं. हे गृहस्थ दुकानं आणि ऑफिसं ‘शुद्ध’ करतात. त्यांनी केबिनभर चकती फिरवली, ओलावा हुंगल्यासारखं नाक वर केलं आणि निदान केलं. “यंत्र निर्दोष आहे. क्वांटम पातळीवर मात्र निगेटिव्ह लहरी आहेत. पान कुणाच्या हातचं?”

“सुनेच्या.”

“हां,” गुरू म्हणाले. त्या एका ‘हां’नं बिचारीचा निकाल लागला.

त्यानंतर गुरू यायचे, पान सरळ करायचे. दुसऱ्या दिवशी सासरे कॉम्प्युटर लावायचे, की पान पुन्हा वाकडं. दोष परत येतो याचा अर्थ तो घरातच राहतो, हे गणित सगळ्यांना चटकन पटलं, आणि सूनबाई घराची पनवती ठरली. आधी सूनबाईला केबिन बंद झाली. मग शिलाईच्या बायका तिनं हात लावलेलं कापड उलटून बघू लागल्या. एक सुई मोडली तरी नजरा तिच्याकडे वळायच्या. सासूबाई तर तिच्या हातचा चहाही नको म्हणू लागल्या. आणि आज गुरूंनी शेवटचा उपाय सांगितला: पान त्यांच्या माणसाकडून नवं करून घ्यायचं, आणि सूनबाईनं माहेरी जायचं.

“किती दिवस?” मेहुण्यानं विचारलं. बायकोसाठी त्यानं एवढीच लढाई दिली.

“लहरी शांत होईपर्यंत,” गुरू म्हणाले. ही मुदत कुठल्याच कॅलेंडरात नसते.

मला संताप आला. हुंकार चालू असताना मी डोळे मिटले नव्हते. गुरूंचा डावा हात चकतीवर होता आणि उजवा माऊसवर. मी तोंड उघडणार, एवढ्यात दारातल्या बायकांना बाजूला सारून सूनबाई आत आली. तिला बंदी असलेल्या केबिनमध्ये, सगळ्यांसमोर.

“बाबा, तुम्ही म्हणाल तर आज संध्याकाळीच माहेरी जाते,” ती म्हणाली. “फक्त एकदा हा माऊस माझ्या हातात द्या. आणि कुणी डोळे मिटू नका.”

“अनर्थ होईल!” गुरू ओरडले.

“होऊ दे की,” मी म्हणालो. “बघायला सगळे जमलेच आहेत.”

जावयाला भर सभेत गप्प कसं करायचं, या पेचात सासरे असतानाच तिनं माऊस घेतला. आधी तिनं स्क्रीनवरचं सरळ पान उजवीकडे सरकवलं. मग सासऱ्यांच्या रोजच्या चिन्हावर टिचकी मारून तेच पान पुन्हा उघडलं आणि डावीकडे ठेवलं. एकाच स्क्रीनवर, एकाच वेळी, डावीकडे वाकडं आणि उजवीकडे सरळ.

खिडकीबाहेरच्या माना आणखी उंचावल्या.

“यंत्र एकच,” ती म्हणाली. “खोली एकच. पानही एकच, माझ्याच हातचं. मग माझी पनवती अर्ध्याच स्क्रीनला लागते का?”

“उजव्या बाजूला माझ्या चकतीचा प्रभाव आहे,” गुरू घाईघाईनं म्हणाले.

तिनं दोन्ही चौकटींची जागा बदलली. आता वाकडं उजवीकडे आलं. गुरूंनी चकती डावीकडे सरकवली. तेव्हा खिडकीबाहेरून पहिलं हसू ऐकू आलं.

“तुम्हाला लहरी जाणवतात ना?” सूनबाई म्हणाली. “मग भिंतीकडे तोंड करा. मी एकच पान समोर ठेवते. वाकडं की सरळ, ते सांगा.”

नाही म्हणायची सोय नव्हती. गुरू वळले, चकती कपाळाला लावून थरथरले आणि गरजले, “वाकडं! भयंकर वाकडं!”

समोर सरळ पान होतं. मावशी म्हणाल्या, “अहो, इकडे बघून तरी सांगा!”

मग मी माझं काम केलं, म्हणजे जे पाहिलं होतं ते सासऱ्यांना सांगितलं. “मामा, कॉम्प्युटरमध्ये दोन ब्राउझर आहेत. तुम्ही जुनं वापरता. हे डोळे मिटायला लावतात, टिचकी ऐकू येऊ नये म्हणून हुंकार द्यायला लावतात, आणि तेवढ्यात तेच पान दुसऱ्यात उघडतात. सकाळी तुम्ही पुन्हा जुनं उघडता.”

“पण पान एकच, तर दोन तऱ्हांनी दिसेल कसं?” सासऱ्यांनी विचारलं. मला फार बरं वाटलं. इतक्या दिवसांत या केबिनमध्ये पहिल्यांदाच कुणी ‘कसं’ विचारलं होतं.

सूनबाईनं कटिंग मास्तरांकडे पाहिलं. “मास्तर, पन्नासची उशी म्हणून चिठ्ठी आली, तर कापड किती कापाल?”

“शिवणीची माया धरून पन्नास,” थोरले मास्तर म्हणाले.

“अरे वा! माया वेगळी. पन्नास अधिक माया,” धाकटे म्हणाले. दोघांची जुंपणार होती, कारण हे भांडण कारखान्यात जुनं आहे. शिवणीसाठी सोडलेलं हे जादा कापड आत धरायचं की बाहेर, यावरून पूर्वी एक अख्खी ऑर्डर वाया गेली होती. तेव्हापासून ‘मायेसकट’ लिहिल्याशिवाय चिठ्ठी कापणीला जात नाही, असा सासऱ्यांचाच हुकूम आहे.

“वेबपान म्हणजे तयार चित्र नसतं, बाबा,” ती म्हणाली. “ती अशी चिठ्ठी असते. तिच्यावरून पान बांधतं ते ब्राउझर. मी लिहिलं होतं, तीन चौकोन ओळीत बसवा, रुंदी मायेसकट धरा. नव्याला ते कळलं. जुनं बाजारात आलं तेव्हा ‘मायेसकट’ ही सूचनाच नव्हती. न कळलेली सूचना ते मुकाट्यानं सोडून देतं आणि माया वरून जोडतं. मग तीन चौकोन ओळीत मावत नाहीत, तिसरा खाली पडतो. एवढंच.”

“म्हणजे हुकूम माझाच, आणि तो पाळत नव्हतं माझंच यंत्र,” सासरे पुटपुटले.

“चूक माझीही आहे. जुन्यातही उघडून बघायला हवं होतं. आता दोघांना कळेल असं लिहिते, अर्ध्या तासाचं काम आहे.”

गुरू चकती पिशवीत घालून दाराकडे निघाले होते. बायकांनी वाट दिली, पण सावकाश. सासरे घसा खाकरून म्हणाले, “बरं बरं, झालं ते झालं. चला, कामाला लागा सगळे.”

“नाही, बाबा,” सूनबाई म्हणाली. “मला पनवती म्हटलं ते या सगळ्यांसमोर. मी पनवती नाही, हेही यांच्यासमोरच म्हणा. नाहीतर मी पान नीट करीन, पण या घरात राहणार नाही.”

मेहुणा तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला. उशिरा का होईना, त्याला पाय आहेत हे कळलं. सासरे खुर्चीतून उठले. मग सगळ्यांकडे बघून म्हणाले, “हिचा काही दोष नव्हता. हिनं पहिल्याच दिवशी खरं सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. सूनबाई, मला माफ कर.”

मावशींनी पुन्हा डोळे पुसले. या खेपेला कारण खरं होतं.

मंडळी, एकच गोष्ट दोन ठिकाणी दोन तऱ्हांची दिसली, तर चकतीवाल्याला बोलावू नका. काय बदललं ते शोधा. एक वस्तू तीच ठेवा, दुसरी बदलून पाहा, आणि डोळे उघडे ठेवून पाहा. याला शिक्षण लागत नाही, फक्त ‘कसं’ विचारायची लाज सोडावी लागते. कारण चमत्कार फुकट कधीच होत नाही. त्यासाठी दोष कुणाच्या तरी कपाळी मारावा लागतो, आणि ते कपाळ बहुतेक वेळा घरातल्या अशा माणसाचं असतं, ज्याचं म्हणणं ऐकायला कुणाला वेळ नसतो.