कोरड्यावरच्या गाडीला काय होतंय!

मी एक जुनी स्पोर्ट्स कार आहे, मित्रांनो. लाल रंगाची, दोन दारांची, आणि जमिनीपासून इतकी खाली की माझ्यात बसताना माणसाला वाकावं लागतं आणि उतरताना देवाचं नाव घ्यावं लागतं. खरं सांगायचं तर आता मी पूर्ण गाडीही राहिलेले नाही. त्याची हकिगत शेवटी येईलच. आधी माझ्या थोरवीबद्दल ऐकून घ्या, कारण ती सांगायची संधी हल्ली मला फारशी मिळत नाही.

माझा जन्म जर्मनीतला. पांढरे हातमोजे घातलेल्या बायकांनी माझ्या खुर्च्या तांबड्या कातड्यात शिवल्या. थंडीत बसणाऱ्याची पाठ शेकावी म्हणून त्या खुर्च्यांच्या आत गरम होणाऱ्या तारा घातल्या. आणि मग मला मुंबईला पाठवलं! यावरून माणसांच्या हुशारीची तुम्हांला कल्पना येईल.

माझे पहिले मालक मलबार हिलचे एक शेठ होते. ते मला फक्त रविवारी सकाळी बाहेर काढायचे. मरीन ड्राइव्हवर एक फेरी, नाश्ता, की परत गॅरेजमध्ये. माझ्या पोटात जरा कुठे खुट्ट झालं की लगेच मला वर्कशॉपमध्ये पाठवायचे. तेलपाणी, ब्रेक, टायर, सगळं वेळच्या वेळी व्हायचं. मला वाटायचं, आयुष्य असंच असतं.

पण मित्रांनो, माझ्यासारख्या गाडीचं एक असतं. वय वाढलं की आमची किंमत उतरते, खर्च मात्र उतरत नाही. माझा ब्रेक मी नवी असताना जितका महाग होता, त्याहून आज जास्तच महाग आहे. मालक पहिला आहे की दुसरा, हे ब्रेक विचारत नाही. शेठना हे पक्कं ठाऊक होतं, म्हणून माझी मोठी दुरुस्ती जवळ येताच त्यांनी मला जुन्या गाड्यांच्या दुकानात उभं केलं. जाताना त्यांनी माझ्या बॉनेटवर हात फिरवला, त्यांचे डोळे भरून आले होते. दुरुस्तीबद्दल मात्र ते दुकानदाराशी अवाक्षर बोलले नाहीत.

तिथे मला केतनने पाहिलं. केतन माझगावच्या कोळीवाड्यातला. त्याचे वडील विठोबा नाखवा यांची मासेमारीची होडी होती आणि केतन त्या होडीची मासळी हॉटेलांना पुरवायचा. धंदा बरा चालला होता, अंगात उमेद होती, आणि माझी किंमत एका साध्या नव्या गाडीएवढी झाली होती. तो माझ्याकडे असा बघत राहिला की मी मनातल्या मनात लाजले.

सोबत त्याचा मित्र मयूर होता. तो दबक्या आवाजात म्हणाला, “भाई, गाडी कडक आहे. पण मेंटेनन्सचं काय?”

“अरे, मेंटेनन्स होडीला लागतो,” केतन हसला. “ती खाऱ्या पाण्यात असते बारा महिने. कोरड्यावरच्या गाडीला काय होतंय!”

मित्रांनो, हे वाक्य ऐकलं तेव्हाच मी काच खाली करून ओरडायला हवं होतं. केतन मूर्ख नव्हता. दर पावसाळ्यात मासेमारी बंद असते, तेव्हा होडी किनाऱ्यावर ओढायची, फळ्या तपासायच्या, भेगा बुजवायच्या, इंजिन खोलायचं, रंग काढायचा, हे त्याला लहानपणापासून तोंडपाठ होतं. होडीवर खर्च करताना त्याचा हात कधी आखडला नाही. पण त्याच्या हिशेबी झीज म्हणजे खारं पाणी. ज्याला खारं पाणी लागत नाही, त्याला झीज नाही.

कोळीवाड्यात माझं स्वागत जंगी झालं. गल्ली अरुंद होती, गतिरोधक उंच होते, आणि प्रत्येकावर माझं पोट खरवडून निघालं. बायका आरती घेऊन उभ्या होत्या. केतनची आई रखमा हिने मला ओवाळलं, नारळ फोडला आणि इंजिनालाही कुंकू लावावं म्हणून पुढचं झाकण उघडायला सांगितलं. झाकण उघडलं. आत रिकामा खड्डा.

रखमाने एकदम टाहो फोडला. “आगो बाय! हिच्यात इंजिनच नाय! फसवलं गो माझ्या पोराला!”

सगळी गल्ली गोळा झाली. केतन सांगून दमला की हिचं इंजिन मागे असतं आणि डिकी पुढे. शेवटी मागचं झाकण उघडून दाखवलं, तेव्हा कुठे कुंकू योग्य जागी लागलं. विठोबा नाखवा लांब उभे राहून बघत होते. ते शांत गृहस्थ. त्यांनी एवढंच विचारलं, “हिला वर्षाला काय लागतं?”

“काय नाय, बाबा. पेट्रोल.”

रखमाच्या डोक्यात मात्र तो पुढचा खड्डा बसला होता. खोल, चौकोनी, घट्ट झाकणाचा. ती रोज लालबागच्या बाजारात मासळी विकायला बसते. चार दिवसांनी तिने केतनला फर्मावलं, “टेम्पोवाल्याला कशाला द्यायचे पैसे? हिच्यात बरफ मस्त राहील.” केतनने जरा कुरकुर केली, पण आईपुढे त्याचं काय चालणार? माझ्या डिकीत बर्फ पसरला, त्यावर पापलेट, त्यावर पुन्हा बर्फ, आणि वरून गोणपाट. बाजूच्या सीटवर रखमा, मांडीवर कोयता. पहिल्याच दिवशी पाठ शेकायचं बटण तिच्या कोपराने दाबलं गेलं आणि लालबाग येईपर्यंत ती ओरडत होती, “केतन, थांबव! तवा झालाय खाली!”

खोटं कशाला बोलू, मला ते दिवस आवडले. शेठकडे मला बघायला कोण होतं? इथे बाजारात मी थांबले की लोक धावत यायचे, माझ्याबरोबर फोटो काढायचे आणि जाताना पापलेट घेऊन जायचे. रखमाचा माल दहाच्या आत संपायचा. शेजारच्या कोळणी नाकं मुरडायच्या. मी जरा जास्तच रुबाबात उभी राहायचे.

पण बर्फ वितळतो, मित्रांनो. आणि माझ्या डिकीच्या तळाखाली माझी बॅटरी आणि तारांची जुडगी आहेत, हे पापलेटांना कोण सांगणार? मासळीचं पाणी थेंब थेंब खाली उतरत गेलं. ज्याच्या भीतीने केतन होडीला जपायचा, ते खारं पाणी त्याने स्वतः बर्फासकट माझ्या पोटात भरलं होतं.

मी इशारे द्यायला लागले. आधी एक पिवळा दिवा लावला. केतनने त्यावर बाप्पाचं स्टिकर चिकटवलं. मग भर परळ नाक्यावर माझ्या काचा आपोआप वरखाली व्हायला लागल्या. मग एकदा शवयात्रा जात असताना माझा हॉर्न जो सुरू झाला तो थांबेना, आणि खांदेकऱ्यांनी आम्हांला जे ऐकवलं ते मी इथे सांगू शकत नाही. शिवाय वास! गोदीतली झाडून सगळी मांजरं माझ्या टपावर मुक्कामाला आली. एका मांजरीने ड्रायव्हरची काच उघडी पाहून जर्मन कातड्यावर चार पिल्लं घातली.

शेवटी केतन मला एका झकपक वर्कशॉपमध्ये घेऊन गेला. तिथे ग्राहकाला आधी कॉफी देतात. का देतात, ते नंतर कळतं. टाय लावलेल्या माणसाने नाकाला रुमाल लावून माझी तपासणी केली आणि खर्चाचा आकडा सांगितला. केतनने कॉफीचा कप खाली ठेवला.

“साहेब, इंजिन बदलताय काय?”

“नाही सर. फक्त वायरिंग. ब्रेक आणि गिअरबॉक्सचं वेगळं.”

आता मला जे सांगायचं आहे, ते सांगायला अजूनही जड जातं. पावसाळा तोंडावर आला होता. विठोबा नाखवांनी वर्षभर बाजूला काढलेले होडीच्या दुरुस्तीचे पैसे केतनकडे दिले होते. होडीचं नाव ‘कमलाबाई’, त्यांच्या आईचं. तिचं इंजिन दमलं होतं, या वर्षी ते उघडून नवे भाग घालायलाच हवे होते. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहून कमलाबाई पाण्यात गेली तर घर चालणार, नाही गेली तर मोसमाचे पहिले, भरघोस दिवस हातचे जाणार. ते पैसे माझ्या तारांत गेले. तारा झाल्या, तर ब्रेक बोलले. ब्रेक झाले, तोवर होडीसाठी काही उरलंच नाही. केतनला वाटलं, मधल्या काळात उभे करू कुठून तरी. बंदीच्या दिवसांत मासळी नाही, म्हणजे त्याचा धंदाही नाही, हे त्या उमेदीत तो विसरला.

“मेकॅनिक कधी येतोय?” विठोबा विचारायचे.

“येतो बोललाय, बाबा. या आठवड्यात नक्की.”

फळ्या बापलेकांनी स्वतः बुजवल्या, रंग ऋतिकाने, केतनच्या धाकट्या बहिणीने, काढला. कमलाबाई बाहेरून नवरीसारखी दिसत होती. आतलं केतनला माहीत होतं, आणि मला.

नारळी पौर्णिमेला मानाचा नारळ माझ्यातून धक्क्यावर न्यायचं ठरलं. विठोबा लाल टोपी घालून माझ्यात बसले, मांडीवर सोनेरी कागदातला नारळ. मागे बँड, त्यामागे नाचणारा सगळा कोळीवाडा. आणि गल्लीच्या ऐन मध्यावर माझा गिअरबॉक्स अडकला. चाकं जाम. मी पुढे जाईना, मागे सरेना, आणि माझ्या बाजूने माणूस जेमतेम अंग चोरून जाऊ शकत होता.

“ढकला!” कोणीतरी ओरडलं. ढकलून मी हलेना. तेव्हा त्या माणसांनी तेच केलं जे त्यांच्या आज्यापणज्यांनी किनाऱ्यावर केलं असतं. होडी ओढायचे गोल ओंडके आणले. पाच-पंचवीस जणांनी मला उचललं, ओंडके खाली सरकवले, दोर बांधला, आणि बँडच्या तालावर “हैसा रे हैसा!” करत मला धक्क्यापर्यंत ओढत नेलं. ताशी तीनशे धावणारी मी, मुंगीच्या पावलांनी, आत नाखवा आणि नारळ. रखमा पुढे नाचत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण एक कबूल करते, इतक्या हातांनी मला आजवर कधी उचललं नव्हतं.

नारळ वाहिला गेला. एकेक होडी सुरू झाली, झेंडे फडफडले. विठोबांनी कमलाबाईचं इंजिन सुरू केलं. ती खोकली. पुन्हा खोकली. मग गप्प झाली. बाकीच्या होड्या लांब निघून गेल्या.

केतन गुडघाभर पाण्यात उतरला. “बाबा, मेकॅनिक येणारच नव्हता. होडीचे पैसे गाडीत गेले.”

मला वाटलं, आता नाखवा मला शिव्या घालणार. रखमाने तर सुरुवातही केली होती. “त्या लाल भवानीने खाल्ले...”

“तिला नको बोलू,” विठोबा म्हणाले. त्यांनी माझ्याकडे बोट केलं. “कमलाबाई दरवर्षी मागते, आपण देतो, म्हणून ती आपल्याला पाण्यावर ठेवते. ही पण मागत होती. दिवे लावून, भोंगा वाजवून मागत होती. तू ऐकलं नाय, पोरा.”

मित्रांनो, शेठ माझ्यासाठी रडले, केतन माझ्यावर भाळला. पण मला समजून घेतलं ते या एका माणसाने, ज्याला माझ्यात नीट बसताही येत नव्हतं.

केतनने मला विकायला काढलं. त्या अवस्थेत अख्खी मला कोण घेणार? मग मी सुटी सुटी गेले. इंजिन पुण्याला, चाकं शीवला, दारं कुठे गेली ते मलाच ठाऊक नाही. त्या पैशांतून कमलाबाईचं इंजिन झालं आणि ती उशिरा का होईना, समुद्रात गेली. केतनही आता तिच्याबरोबर जातो. फक्त ड्रायव्हरची खुर्ची कोणी घेईना, मासळीचा आणि मांजरांचा वास जाईना म्हणून. म्हणजे मीच. विठोबांनी मला उचलून कमलाबाईच्या सुकाणूपाशी खिळवलं.

आता माझा वेग बैलगाडीचा आहे. पाठ शेकायला तारा लागत नाहीत, ऊन पुरतं. पापलेट अजूनही माझ्या आजूबाजूलाच असतं. पण दर पावसाळ्यात, कमलाबाईच्या फळ्या तपासून झाल्या की विठोबा नाखवा मला सोडवतात, गोड्या पाण्याने पुसतात, माझ्या उसवलेल्या शिवणी जाळ्याच्या दोऱ्याने घालतात, तेल लावतात आणि सावलीत वाळवतात. केतन शेजारी बसून शिवण धरतो. मित्रांनो, तुम्ही मोठे झाल्यावर माझ्यासारखी एखादी जरूर घ्या. फक्त घेण्याआधी ‘हिला वर्षाला काय लागतं?’ हा नाखवांचा प्रश्न विचारा, आणि उत्तर ऐकून घ्या.

परवा मी जुनी झाले म्हणून केतन नवी खुर्ची आणूया म्हणाला. विठोबा माझ्यात जरा मागे रेलले आणि म्हणाले, “कशाला? हिला काय होतंय? आपण बघतोय ना हिच्याकडे.”